एकसष्ट रिकामी दारं

सातव्या किलोमीटरच्या दगडापाशी आत्यांनी उजवी चप्पल काढली, झटकली, आतून पडलेल्या खड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "साहेबांपेक्षा हा बरा. टोचतो, पण काढला की निघतो."

मी हसले, पण माझ्या खांद्यावर व्हॉल्व्हची चावी होती. चावी म्हणजे माझ्या उंचीची लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खोबण. हसताना ती घसरली आणि पुन्हा खांद्यावर घेईपर्यंत माझं हसू संपलं. रविवार होता. टेकडीवरच्या टाकीपासून सकाळी नऊला निघालो होतो. मोठा नळ जमिनीखालून जिथून जातो, बरोबर त्याच्या डोक्यावरून चालत गावाच्या दुसऱ्या टोकाला, खेळाच्या मैदानापर्यंत जायचं होतं. तेरा किलोमीटर. वाटेत अकरा थांबे.

"पाय दुखतायत का गं?" आत्यांनी विचारलं.

"नाही."

"खोटं बोलतेस. उद्या खोटं लिहायचं आहे म्हणून आजपासून सराव का?"

त्यांचं बोलणं हे असं. पण उद्याची धास्ती मला होतीच. सोमवारी संध्याकाळपर्यंत मला संगणकावर एकसष्ट रकाने भरायचे होते. भरले नाहीत तर आत्यांचं वीस वर्षांचं काम भंगारात जाणार होतं आणि मला नोकरीत कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावरून सहीशिवाय परत येणार होता. भरायला काहीच अवघड नव्हतं. फक्त जे भरायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

आत्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. पाणीपुरवठा कार्यालयात अठराव्या वर्षी त्या ट्रेसर म्हणून लागल्या. आता हे काम उरलेलं नाही. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा टेबलावर चिकटवायचा, त्यावर मेणकट पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने गिरवायची. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची सवय तेव्हापासूनचीच. त्यावरून कुणीतरी आत्याबाई म्हणालं, पुढे 'बाई' गळून पडलं, आत्या तेवढ्या राहिल्या. घरी नवरा टेलर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कपडे बेतायचे कागदी नमुने, आणि मागच्या खोलीत या दोघांचा संसार. आज आत्यांच्या खांद्याला जी जाड कापडाची पिशवी होती ती नवऱ्यानेच शिवलेली. तिला शेजारी एक लांब, अरुंद खिसा होता. त्यात आत्यांची कानाची कांडी असायची. ती काय ते पुढे येईल.

संगणक आले तसं गिरवण्याचं काम संपलं. आत्यांना भांडाराशेजारच्या खोलीत एका जुन्या संगणकासमोर बसवून ठेवलं. काम काही दिलं नाही. बाई आता स्वेटर विणेल आणि निवृत्त होईल, असा सगळ्यांचा हिशेब. आत्यांनी काय केलं, तर सुट्टीच्या दिवशी संगणकाचा एक वर्ग लावला आणि तिथल्या मास्तरांकडून एक छोटासा प्रोग्रॅम मागून आणला. इतका छोटा, की एका डिस्कवर बसून वर जागा उरायची. काळा पडदा, पांढरी अक्षरं. ना चित्र, ना रंग.

मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी तो मला पाच मिनिटांत शिकवला. "एक पान म्हणजे एक खोली," म्हणाल्या. "साधं लिहायचं, पत्र लिहितो तसं. एखाद्या शब्दाला दुहेरी चौकोनी कंस घातला की तो शब्द दार होतो. दारावर टिचकी मारली की त्या नावाच्या खोलीत गेलीस. खोली अजून बांधलेली नसेल, तर दारापुढे आपोआप प्रश्नचिन्ह येतं. झालं. शिकलीस."

"एवढंच?"

"एवढंच. म्हणून तर टिकलंय."

एक पान इथे देते, म्हणजे कळेल.

"व्हॉल्व्ह ११२. बर्फाच्या कारखान्यामागे, कुंपणाला लागून. उलटा फिरतो, बघा [[उलटे व्हॉल्व्ह]]. झाकणावर वाळू असते, फावडं न्या. बंद करण्याआधी [[हवेचा व्हॉल्व्ह ३०]] उघडा, नाहीतर कारखान्याच्या नळाला नुसती फुसफुस येते आणि तिथला मुकादम चावी काढून घेतो, बघा [[मुकादम, बर्फ]]. पुढची लाइन किती इंची? [[११२ च्या पुढे]]? सांगितलं: थोरले व्हॉल्व्हमन. पाहिलं: थोरले व्हॉल्व्हमन, आत्या. लिहिलं: भांडारवाले."

अशी अकराशे चाळीस पानं. गावातला एकेक व्हॉल्व्ह, एकेक जोड, कुठलं झाकण कुणाच्या अंगणात गेलंय, कुठल्या घरची आजी दार उघडत नाही आणि तिला काय म्हटलं की उघडते. शेवटच्या तीन ओळी मात्र चुकवायच्या नाहीत: कुणी सांगितलं, कुणी पाहिलं, कुणी लिहिलं. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, हा आत्यांचा कायदा. स्वतःचं स्वतः लिहायचं नाही. मी येण्याआधी आत्या सांगायच्या आणि भांडारवाले दोन बोटांनी टायपायचे. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "स्वतःबद्दल लिहिताना हात मऊ पडतो गं."

चुकलेली ओळही पुसायची नाही. तिच्याखाली 'हे चूक निघालं' लिहून बरोबर ते लिहायचं. पान एका पडद्यात मावलं पाहिजे. आणि दर शुक्रवारी अनाथ पानं शोधायची, म्हणजे ज्या पानाकडे कुठूनच दार येत नाही अशी. सापडलं की त्याला कुणाशी तरी जोडून द्यायचं. हे काम मला मनापासून आवडायचं.

आणि मीच एकदा घोळ घातला.

घर असो, टेबल असो, मला पसारा सोसत नाही. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात आत्या आठवडाभर रजेवर होत्या. पानं चाळताना मला जागोजागी ती प्रश्नचिन्हं दिसायला लागली. दार आहे, आत खोली नाही. मला वाटलं, हे कुणीतरी अर्धवट सोडलेलं काम. चार दिवस बसून मी एकेक शोधलं आणि कंस काढून टाकले, म्हणजे दारं बुजवली. एकसष्ट. सगळं कसं लख्ख झालं. शुक्रवारी देवाला हात जोडताना मनात म्हटलंसुद्धा, या आठवड्यात काम चांगलं झालं हो.

आत्या सोमवारी आल्या. दहा मिनिटं पडद्याकडे बघत राहिल्या. मी कौतुकाची वाट बघत उभी.

"प्रश्नचिन्हं कुठेयत?"

"काढली. रिकामीच होती."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तू देव मानतेस ना? रोज हात जोडतेस?"

"हो."

"त्याला पाहिलंयस?"

"नाही."

"मग त्याची जागा बुजवलीस का कधी? मग माझी का बुजवलीस?"

मला रडूच आलं. देवाचं ते वेगळं, असं म्हणणार होते, पण वेगळं कसं ते सांगता येईना. आत्यांनी रुमाल दिला आणि समजावून सांगितलं. प्रश्नचिन्ह म्हणजे राहून गेलेलं काम नव्हे. आपल्याला काय माहीत नाही, त्याची ती यादी. व्हॉल्व्हमन खड्ड्यात उतरायच्या आधी पान बघतो. प्रश्नचिन्ह दिसलं तर सावध उतरतो. नाही दिसलं तर समजतो, सगळं ठाऊक आहे, आणि बेधडक उतरतो. "तू गेल्या आठवड्यात एकसष्ट माणसांना बेधडक केलंस," म्हणाल्या.

महिनाभरापूर्वीची सगळी पानं त्यांच्या डब्यातल्या डिस्कवर होती. मिनिटाभरात सगळं परत आणता आलं असतं. आत्यांनी आणलं नाही. पानांची छापील प्रत माझ्यापुढे टाकली आणि एकसष्टच्या एकसष्ट दारं मला हाताने परत घालायला लावली. प्रत्येक घालताना मोठ्याने वाचायचं. तेव्हापासून ती मला नामावळीसारखी पाठ आहेत.

म्हणूनच नवी नकाशा प्रणाली आली तेव्हा साहेबांनी जुनी पानं तिच्यात भरायचं काम मला दिलं. प्रणाली दिसायला देखणी. मोठा पडदा, निळे नळ, हिरवे व्हॉल्व्ह, बोट ठेवलं की माहिती उघडते. ती बनवणाऱ्या कंपनीचे गृहस्थ गळ्यात ओळखपत्र घालून आले होते. सभेत साहेब, ते गृहस्थ, आत्या आणि मी.

"जुनी माहिती सगळी आली?" साहेबांनी विचारलं.

"सगळी, सर," गृहस्थ म्हणाले. "फक्त एकसष्ट ठिकाणी लाल चौकट येते. रकाना भरल्याशिवाय पान जतन होत नाही."

आत्या म्हणाल्या, "यात 'माहीत नाही' कुठे लिहायचं?"

"मॅडम, तशी सोय नाही. आकडा लागतो."

"म्हणजे तुमच्या मशीनला सगळंच माहीत असतं. माझी सासू अशीच होती."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. गृहस्थ मात्र सूचना करू लागले. "शून्य टाका ना."

"शून्य म्हणजे नळ नाही. नळ आहे. केवढा ते माहीत नाही."

"मग आजूबाजूच्या लाइनचा आकडा टाका. अंदाजे."

"अंदाज म्हणून दिसेल तो?"

"नाही, आकडा म्हणूनच दिसेल. खाली 'पडताळणी केली' आणि भरणाऱ्याचं नाव. ते आपोआप येतं."

"कुणाचं नाव?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांना वरून तारीख दिलेली होती. ते म्हणाले, "हे बघा आत्या, तुमची पानं म्हणजे तुमची खासगी वही झाली. कार्यालयाचं काय ते आता यात. सोमवारी संध्याकाळपर्यंत लाल चौकटी गेल्या पाहिजेत. नाहीतर तो जुना संगणकाचा डबा भंगारात." मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाले, "तुमचा कायमचा कागद माझ्याकडेच आहे. सोमवारी सगळं एकदमच करून टाकू."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो दिवसभर माल पोचवण्याची गाडी चालवतो, संध्याकाळी त्याला नसती गुंतागुंत नको असते. म्हणाला, "अगं, भर की आकडे. कोण बघतंय?"

बघणारा बघतोच, हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्यालाही ते माहीत आहे, फक्त दमलेला असला की आठवत नाही.

शनिवारी आत्या म्हणाल्या, "एकसष्टपैकी अकरा एकट्या मोठ्या नळावर आहेत. जितकी बघता येतील तितकी बघून येऊ. बघितलेलं भरायला माझी ना नाही. चावी उचलशील ना?"

तर असे आम्ही त्या रविवारी सातव्या किलोमीटरला होतो. चावी थोरल्या व्हॉल्व्हमननी दिली होती. खात्यातले सगळ्यात जुने, निवृत्तीला आलेले. बजावलं होतं, "दहा ते चार लाइन बंद असते. तेवढ्यात काय ते फिरवा. जितके फेरे बंद तितकेच उघडे. एक जरी विसरलात तर चार वाजता लोक माझ्या नावाने ओरडतील."

ते फेरे मोजणं हीच तर युक्ती. व्हॉल्व्ह जमिनीत पुरलेला, त्याच्यावरचा आकडा गंजून गेलेला. पण पूर्ण बंद व्हायला किती फेरे लागले ते मोजलं की तो केवढा ते कळतं. जितके इंच, त्याच्या तिप्पट आणि वर दोन. आत्यांनी मला झाकण उचलायला लावलं, चावी खाली सोडली, खोबणीत बसलेली खट्ट अशी ऐकली, आणि आम्ही दोघी मूठ धरून गोल गोल फिरू लागलो.

रस्त्यावरून जाणाऱ्या एका स्कूटरवाल्याने वेग कमी केला. "काय बाई, काही हरवलं का?"

"हो, एक व्हॉल्व्ह," आत्या म्हणाल्या. "तुमच्या डिकीत बघा बरं."

तो पसार झाला. मोजायचं काम माझं होतं. आकडे बोलत फिरलं की मी चुकते, म्हणून मी माझ्या सवयीने प्रत्येक फेऱ्याला देवाचं नाव घेत होते आणि बोटांची पेरं मोजत होते. चावी घट्ट बसली, पुढे हलेना. मी पेरं बघितली. अडतीस.

आत्यांनी मनात हिशेब केला. "तुझा देव बारा इंची निघाला बघ."

मला इतकं हसू आलं की मी रस्त्याच्या कडेला बसलेच. माझी खात्री आहे, देवालाही आलं असेल. मग उठून अडतीस वेळा उलटे फिरलो. पान त्यांनी सांगितलं, मी वहीत लिहिलं. पाहिलं: दोघींनी. एक प्रश्नचिन्ह गेलं, आणि ते जाताना मला कुठेही खुपलं नाही.

साडेतीनपर्यंत सात झाली. तीन ठिकाणी झाकणावर नवा रस्ता चढलेला, तिथे बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आत्या तिथेही उभ्या राहून म्हणाल्या, "लिही. आज इथे येऊन गेलो. दिसलं नाही." अकरावं ठिकाण मैदानाच्या भिंतीखाली. यादीत त्याचं नाव 'जोड नऊ'. जुना नळ आणि नवा नळ तिथे एकमेकांना जोडलेत की नुसते शेजारून गेलेत, हे कुणालाच माहीत नाही. आमच्या सगळ्या पानांत सगळ्यात जास्त दारं या एका नसलेल्या खोलीकडे जातात.

आम्ही भिंतीच्या सावलीत चारची वाट बघत बसलो. पाणी सुटलं की आत्या कांडी लावणार होत्या. ती लोखंडाची सळई, वरच्या टोकाला लाकडी वाटी. टोक नळावर, वाटी कानाला. पाणी कुठून कुठे जातंय ते त्यात ऐकू येतं, ज्याला कळतं त्याला.

आत्या मातीत काडीने एक रेघ ओढत होत्या. मग म्हणाल्या, "नव्या प्रणालीत जोड नऊला काय दाखवतात, बघितलंस?"

"जोडलेलं दाखवतात. सरळ निळी रेघ. फक्त केवढा ते विचारतात."

"ती रेघ माझी."

मला कळलं नाही.

"मी एकोणीस वर्षांची होते," आत्या म्हणाल्या. "मूळ नकाशा या कोपऱ्यात फाटलेला होता. दोन बोटांएवढं भोक. मी ओव्हरसियरना विचारलं, इथे काय काढू? ते म्हणाले, काय काढायचंय, सरळ जोड आणि मोकळी हो, दुपारी नकाशा जायचाय. मी जोडली. माझा हात चांगला होता. रेघ इतकी सफाईदार आली की पुढे कुणाला शंकाच आली नाही. त्या नकाशावरून दुसरा झाला, दुसऱ्यावरून तिसरा, आणि आता ती निळी होऊन त्या पडद्यावर आलीय."

"मग?"

"मग सहा वर्षांनी त्या रेघेवर विश्वास ठेवून चार दिवस हा रस्ता खणला. जोड काही मिळाला नाही. अर्ध्या गावाला पाणी नाही. कुणाचा तरी बळी लागतो ना अशा वेळी. थोरल्यांचा गेला. तू चुकीच्या जागी खणवलंस, असं वरचे म्हणाले. टाकीवर पहारेकरी करून पाठवलं. दोन वर्षं. नुकतं लग्न झालं होतं त्यांचं."

"त्यांना माहीत आहे? रेघ तुमची ते?"

"नाही."

मी आत्यांकडे बघितलं. सांगितलं, पाहिलं, लिहिलं, या तीन ओळी कुठून आल्या ते त्या क्षणी मला समजलं.

चारला जमिनीखालून घरघर आली. आत्यांनी भिंतीलगत उघड्या पडलेल्या नळावर कांडी टेकवली, वाटीला कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ. मग मला दिली. मला नुसता वाऱ्यासारखा आवाज आला.

"जोडलंय का?" मी विचारलं.

"कळत नाही," आत्या म्हणाल्या. आणि हे त्यांनी अशा काही ताठ मानेने म्हटलं, जसं कुणी बक्षीस घ्यायला उभं राहावं. "लिही. ऐकलं. कळलं नाही. प्रश्नचिन्ह ठेव."

सोमवारी मी प्रणालीत सात रकाने भरले. साडेपाचला साहेबांच्या खोलीत गेले आणि एक अर्ज टेबलावर ठेवला. दोन ओळींचा. 'सात ठिकाणं पाहिली, ती भरली. चोपन्न पाहिली नाहीत किंवा कळली नाहीत, म्हणून भरली नाहीत.' खाली सही.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

"व्हायचंय, साहेब."

"मग?"

"त्या रकान्याखाली 'पडताळणी केली' असं येतं. ते खोटं आहे. खाली माझं नाव असतं."

"अहो, कुणी शपथ घ्यायला सांगितलीय का तुम्हाला?"

"साहेब, मला ते शपथेसारखंच वाटतं."

माझा आवाज कापला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. दारात आत्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "आणि माझ्याही नावाने भरू नका. मी त्यातल्या एका रेघेचा इतिहास जाणते."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "तुम्ही दोघी नाही भरलं म्हणून काय नळ थांबणार आहेत?"

"नाही," आत्या म्हणाल्या. "ते कुठे जातायत ते तुम्हाला कळायचं थांबणार आहे."

मंगळवारी कंपनीच्या गृहस्थांनी स्वतःच्या नावाने चोपन्न रकाने वीस मिनिटांत भरले. पडदा सगळा हिरवा झाला. माझा कायमचा कागद सहा महिने पुढे ढकलला गेला. नवरा जेवताना म्हणाला, "बरं, सहा तर सहा," आणि स्वतःच्या ताटातली भाजी माझ्या ताटात घातली. आत्यांचा जुना संगणक हमालांनी उचलून भंगारखोलीत नेला. आत्यांनी त्याच्यावरची धूळ पुसून दिली आणि म्हणाल्या, "जा बाबा. तुझं काम झालं."

साहेबांना वाटलं विषय संपला. पण ती पानं म्हणजे नुसती अक्षरं. त्यांना ना तो संगणक लागतो, ना कुणाची परवानगी. ज्या यंत्राला अक्षरं दाखवता येतात त्याच्यावर ती उघडतात. आठवडाभर दुपारच्या सुट्टीत व्हॉल्व्हमन एकेक करून आमच्या खोलीत येत गेले आणि आत्यांनी आपल्या डिस्कवरची अकराशे चाळीस पानं, दारांसकट, प्रश्नचिन्हांसकट, प्रत्येकाच्या फोनमध्ये घालून दिली. सगळी मिळून किती जागा लागली म्हणाल, तर नव्या प्रणालीच्या उद्घाटनाचा साहेबांचा जो फोटो निघाला होता, त्या एका फोटोपेक्षा कमी. हे आत्यांनीच मोजून काढलं आणि महिनाभर ज्याला त्याला सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात साहेब नकाशापुढे उभे राहून विचारत होते, बर्फाच्या कारखान्यामागचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूने फिरतो. पडद्यावर ते नव्हतं. थोरल्यांनी खिशातून फोन काढला, हात लांब करून डोळे बारीक केले आणि म्हणाले, "उलटा, साहेब. फावडंपण न्यायचंय." साहेबांनी फावडं आणायला सांगितलं. भंगाराचं नावही त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आत्यांच्या निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हार नको म्हणून सांगितलं होतं. भाषणही नको. चार वाजता टेबल आवरलं, कांडी पिशवीच्या लांब खिशात सरकवली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"जोड नऊचं पान उघड."

"आत्या, ते पानच नाहीये. नुसतं दार आहे."

"म्हणूनच म्हणते. आज बांधूया. मी सांगते, तू लिही. माझं मला लिहिता येत नाही, कायदा माझाच आहे."

मी माझ्या संगणकावर काळा पडदा उघडला. त्या एकेक वाक्य सांगत गेल्या, सावकाश, माझ्या बोटांच्या वेगाने. मूळ नकाशा फाटला होता. ओव्हरसियरने सरळ जोड म्हटलं. मी जोडली. मी पाहिलं नव्हतं. त्या रेघेवरून रस्ता खणला आणि थोरल्यांना शिक्षा झाली. चूक त्यांची नव्हती. अजूनही माहीत नाही. सांगितलं: आत्या. पाहिलं: कुणी नाही.

"लिहिलं, पुढे तुझं नाव घाल," म्हणाल्या. मी घातलं. त्यांनी चष्मा लावून पान एकदा वाचलं, मान हलवली.

बाहेरच्या बाकावर थोरले बसले होते, आत्यांना घरापर्यंत सोडायला आलेले. खिडकीतून त्यांची टोपी दिसत होती. आत्यांनी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एक काम करशील? त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांना आत बोलव आणि हे पान वाचून दाखव. एक शब्द गाळायचा नाही, मऊ करायचा नाही. मी इथेच बसते, उठून जाणार नाही. आणि त्यांनी शिव्या दिल्या, तर त्याही खाली लिही. सांगितलं: थोरले व्हॉल्व्हमन."